बाईंना कुणी विचारलं का?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सहासष्ट वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या सात बिऱ्हाडांनी नऊ वर्षांपूर्वी मिळून एक भाट, म्हणजे बागायतीची जमीन, घेतलं. त्यात सात लहान घरं बांधली आणि मधोमध सगळ्यांचं स्वयंपाकघर, लांब पडवी, पाहुण्यांसाठी एक खोली. दुपारचं जेवण एकत्र, चवथीला गणपतीवर फळाफुलांची एकच माटोळी. ‘म्हातारपणी कुणाला एकटं सोडायचं नाही’ असं ठरलं होतं, पण तोंडीच.

सगळ्यांत मोठ्या आहेत एकोणऐंशी वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. लग्न केलं नाही, जवळचा म्हणावा असा बोरिवलीला एक भाचा. सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. गेल्या पावसाळ्यापासून आंघोळ, कपडे एकटीनं जमत नाहीत, दोनदा पडल्या, रात्री उठवावं लागतं. हे बहुतेक सगळं पत्र लिहिणाऱ्या ताई करतात. दोन बायका जमेल तशी मदत करतात, पुरुष मंडळी औषधं आणून देतात, ताईंचे यजमान गप्पच असतात. दोन बिऱ्हाडांचं म्हणणं, आपण एकत्र राहायला आलो, इस्पितळ चालवायला नाही, एखादा चांगला आश्रम बघा. भाचा फोनवर म्हणतो, तुम्हीच तिला घरचं माणूस मानलंत. बाई मागे म्हणाल्या होत्या की माझं घर तुम्हा सगळ्यांना. ताईंच्या मुलीचं पुण्यात पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे आणि त्यांना जाता येईल असं दिसत नाही. त्यातच सातातलं एक घर विकायला निघालंय, आणि घेऊ पाहणारं सत्तरीचं जोडपं विचारतंय, ‘आमचं काही झालं तर?’

त्या विचारतात: बाईंना आश्रमात पाठवलं तर आम्ही शब्द मोडला असं होईल ना? आणि मी थकते, चिडते, म्हणजे माझंच मन कोतं का?

ताई,

तुमच्या पत्रात भाच्याचं म्हणणं आहे, त्या दोन बिऱ्हाडांचं आहे, तुमच्या यजमानांचं गप्प बसणंसुद्धा आहे. बाईंना काय हवंय हे मात्र मला कुठेच सापडलं नाही.

हे मुद्दाम झालं असेल असं मला वाटत नाही. पार्किन्सन्समध्ये आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, उत्तर यायला वेळ लागतो. समोरच्याला वाटतं, यांना समजलं नाही किंवा यांना काही म्हणायचं नाही. मग माणसं त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायला लागतात. पुढे काही जणांची स्मृती आणि विचारही मंदावतात, पण बाईंचं तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तेव्हा या प्रश्नात मत देण्याचा पहिला हक्क ज्यांचा, त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही, असं मी धरून चालते.

विचारताना ‘आश्रमात जाल का?’ असं विचारू नका. त्याला त्या ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतील आणि तुम्ही दोघीही रडाल. बारीक विचारा. आंघोळ कुणी घातलेली चालेल, कुणी नको? रात्री कशाची भीती वाटते? दिवसातली कोणती गोष्ट काही झालं तरी सुटू नये? पगारी बाई आली तर बरं वाटेल की अवघड? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला चकित करेल अशी माझी अटकळ आहे. बरोबरीच्या मैत्रिणीकडून शरीराची सेवा करून घेणं पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना फार जड जातं. पगार घेणाऱ्या बाईला ‘पाणी फार गरम आहे’ म्हणता येतं, मैत्रिणीला म्हणवत नाही. तुम्ही ज्याला सेवा समजताय ते बाईंना रोज उठून डोक्यावर चढणारं कर्ज वाटत असेल, हीही शक्यता आहे.

आता शब्दाचं. ‘एकटं सोडायचं नाही’ असं तुम्ही सात बिऱ्हाडांनी ठरवलंत. ‘आंघोळ आम्ही घालू’ असं कुणी म्हणाल्याचं तुमच्या पत्रात नाही. या दोन वचनांत बरंच अंतर आहे, आणि ते मोजायची वेळ येईपर्यंत कुणालाच ते दिसलं नाही. यात तुमचंच काही चुकलं असं नाही. अशा सहनिवासाची आधुनिक कल्पना डेन्मार्कमधली, तिथली पहिली वसाहत १९७२ मध्ये राहती झाली. ती उभी केली लहान मुलं असलेल्या कुटुंबांनी, मुलांना आईबापांपलीकडे आणखी मोठी माणसं मिळावीत म्हणून. मूल दरवर्षी थोडं सुटं होत जातं, त्यामुळे वाटून घेतलेलं काम आपोआप हलकं होतं. म्हाताऱ्या माणसाचं उलट असतं. मुळात घाट घातला गेला तो हलक्या होत जाणाऱ्या कामासाठी, आणि आता तोच वाढत्या कामासाठी वापरायचा म्हटलं की तो कुरकुरतो.

लंडनच्या उत्तरेला हाय बार्नेटमध्ये पन्नाशीपुढच्या बायकांनी २५ घरांची अशीच एक वसाहत केली. १९९८ मध्ये विचार सुरू झाला आणि राहायला गेल्या २०१६ मध्ये. त्यांनी आधीच स्पष्ट केलं की एकमेकींवर नजर ठेवायची, हाकेला धावायचं, पण अंगाची शुश्रूषा एकमेकींकडून अपेक्षायची नाही, तिच्यासाठी बाहेरून माणूस आणायचं. वाचताना ते थोडं कोरडं वाटतं, आपल्याकडे तर फारच. पण त्यामुळे कुणा एकीच्या पाठीचा बळी जात नाही.

म्हणून त्या दोन बिऱ्हाडांवर राग धरू नका. ‘इस्पितळ चालवायला आलो नाही’ ही भाषा टोचणारी आहे, मान्य. पण तुमच्या मनात रात्री अडीच वाजता जे येतं तेच ते दिवसा बोलले. फक्त ‘आंघोळ घालणार नाही’ म्हणजे ‘काहीच करणार नाही’ असा सोयीचा अर्थ त्यांना काढू देऊ नका. कामाची बाई शोधणं, तिचा पगार-रजा-हजेरी सांभाळणं, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तपासणीच्या दिवशी गाडी काढून अर्धा दिवस थांबणं, फिजिओथेरपिस्टच्या वेळा जुळवणं, संध्याकाळी तासभर बाईंजवळ बसून पेपर वाचून दाखवणं यातलं काहीही नाजूक मन लागणारं नाही. आणि औषधं आणून देणाऱ्या पुरुषांबद्दल काय बोलावं? औषधवाला फोन केला तर घरीही पाठवतो. त्यांना रात्रीची पाळी द्या.

काम वाटायच्या आधी काम किती आहे ते कळायला हवं, कारण सध्या ते फक्त तुमच्या अंगाला माहीत आहे. आठवड्याचे १६८ तास असतात. एक आठवडा वही ठेवा: कधी, कशासाठी, किती वेळ हात लागला. वृद्धांची देखभाल करणारे लोक सहा गोष्टी बघतात: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. यातल्या किती बाई अजून स्वतः करतात, किती हात धरून करतात, किती दुसऱ्यानंच करायला लागतात, ते लिहा. ही वही बैठकीत वाचा. ‘मी थकले’ या वाक्यावर लोक ‘अगं जरा विश्रांती घे’ म्हणतात. ‘मंगळवारी रात्री १, ३ आणि सव्वापाचला उठले’ यावर काय म्हणायचं ते कुणाला सुचत नाही. मग कामाचं बोलणं सुरू होतं.

वहीतून बहुधा असं दिसेल की अंगाचं काम दिवसात ठरावीक तीन-चार वेळांना आहे, बाकी वेळ कुणीतरी हाकेच्या अंतरावर असलं की पुरतं, आणि खरी अडचण रात्रीची आहे. तसं असेल तर माझं स्पष्ट मत: अंगाचं काम पगारी माणसाकडे द्या, आणि लक्ष, सोबत, हिशेब, डॉक्टर हे समूहाकडे ठेवा. कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतली बाई आंघोळ चांगली घालेल. पण बाईंची गोळी तिनं वेळेवर दिली का, ती त्यांच्यावर खेकसते का, त्यांचं वजन उतरतंय का, हे ओळखायला ओळखीची माणसंच लागतात. एकटा राहणारा म्हातारा पगारी माणसाच्या हाती सापडतो तसं बाईंचं होणार नाही, कारण भोवती सहा घरांचे डोळे आहेत. सात बिऱ्हाडांनी एकत्र राहण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

कामाला बाई ठेवताना काही गोष्टी कटाक्षानं पाळा. दिवसरात्र एकच बाई पुरते हा भ्रम आहे. रात्री तीनदा उठलेल्या बाईला दिवसा झोप हवीच, नाहीतर महिन्याभरात ती तरी जाईल किंवा बाई तिच्या हातून पडतील. दिवसाची एक आणि रात्रीची एक परवडत नसेल तर दिवसाला बाई ठेवा आणि रात्री तुम्ही सगळे पाळीनं झोपा, पण ‘सगळे’ म्हणजे सगळे. पाहुण्यांची खोली तिला द्या, दुपारी पंगतीत तिचंही ताट मांडा. आठवड्याची सुट्टी आणि तिच्या सणाची रजा आधीच ठरवा, त्या दिवशी कोण ते पडवीतल्या कॅलेंडरवर लिहा. पोलीस ठाण्यात पडताळणी करून घ्या, पगार बँकेतून द्या. आणि तिला सूचना देणारं माणूस एकच ठेवा. सात घरांतून सात जण तिला शिकवायला लागले तर ती पहिल्या पगारालाच बॅग भरेल. ते एक माणूस तुम्ही नसावं असं मला वाटतं. एखादे निवृत्त बँकवाले असतील तर बघा, हिशेबाच्या नादानं का होईना उत्साहानं करतात.

पैसा कुणाचा? अंगाच्या सेवेचा खर्च आधी बाईंच्या पेन्शनीतून. केंद्राच्या नियमांप्रमाणे पेन्शन घेणाऱ्यांना ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनीवर २० टक्के वाढ मिळते. बाईंची ऐंशी जवळ आली आहे, जन्मतारखेची नोंद बरोबर आहे ना ते आत्ताच पाहून ठेवा. मात्र न्हाणीघरातले दांडे, पायऱ्यांच्या जागी उतार, रात्रीचे दिवे, पाहुण्यांच्या खोलीला लागून संडास हे समूहाच्या पैशातून करा, कारण ते उद्या तुम्हा सगळ्यांनाच लागणार आहे. सरकारी आरोग्य योजनांवर भिस्त ठेवू नका. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना काय किंवा २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना मिळणारं आयुष्मानचं ५ लाखांचं कवच काय, दोन्ही इस्पितळात दाखल झाल्यावर उपयोगी पडतात. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

एक लहान पण फार कामाची गोष्ट. पार्किन्सन्सच्या नेहमीच्या गोळीत, लेव्होडोपात, घड्याळाला महत्त्व असतं. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी काहींचं शरीर आखडतं. भरपूर प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली तर ती कमी लागू पडते. तुमची एकची पंगत, त्यात डाळ आणि मासळी, आणि बाईंची दुपारची गोळी त्याच ताटाशी ठेवलेली, असं तर होत नाही ना? डॉक्टरांना विचारून वेळ बसवा. कधीकधी दुपारची निम्मी धरपकड तिथेच कमी होते. पडणंही बहुतेकदा वळताना होतं, त्यामुळे पलंग आणि न्हाणीघर यांच्यामधला रस्ता सरळ ठेवा, वाटेत मोडा-टेबल काही नको.

आता कागदपत्रं. बाईंचं डोकं शाबूत आहे तोवरच ही होतील, म्हणून आधी उरका. या आजारात अक्षर बारीक होत जातं आणि बँकेत सही जुळेनाशी होते. नवी सही नोंदवा, खातं विश्वासाच्या माणसासोबत संयुक्त करायचं का ते बाईंनाच ठरवू द्या. मुखत्यारपत्र करून ठेवलं की काम झालं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं, म्हणजे नेमकी गरज लागते तेव्हाच निरुपयोगी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जायची पाळी येते. शेवटच्या आजारात कृत्रिम श्वास, नळ्या कुठवर हव्यात याचं वैद्यकीय इच्छापत्रही बाई करू शकतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं, आणि ही व्यवस्था प्रत्यक्ष राबवणारं पहिलं राज्य म्हणून गोव्याचं नाव झालं. आपल्या दाराशी असलेल्या गोष्टीचा फायदा घ्या.

घराबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ‘माझं घर तुम्हाला’ हे वाक्य आणि बाईंची देखभाल ही एका बैठकीत येऊ देऊ नका. ज्यांनी सेवा करायची त्यांनाच घर मिळणार असेल तर उद्या भाचा म्हणेल, दबाव टाकून लिहून घेतलं. बाईंनाही ‘नाही’ म्हणणं अवघड होईल. दानपत्र तर नकोच. द्यायचंच असेल तर मृत्युपत्रानं, कारण ते बदलता येतं. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे मुलं-नातवंडं किंवा आईवडील हयात असले तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते. बाईंच्या मागे तसं कुणी नाही, त्यामुळे सगळ्याचा निर्णय त्यांच्या हाती आहे. उपनिबंधकांकडे जाऊन त्या सार्वजनिक मृत्युपत्र करू शकतात. वकील त्यांचा स्वतःचा असावा, आणि त्या वेळी तुमच्यापैकी कुणी खोलीत नसावं.

भाच्याशी कायद्याची भाषा करण्यात अर्थ नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात निपुत्रिक वृद्धाच्या वारसावरही चरितार्थाची जबाबदारी येते, पण ती वृद्धाला स्वतःचं उत्पन्न पुरत नसेल तर. बाईंना पेन्शन आहे. त्यापेक्षा त्याला नेमकं काम द्या: तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर येऊन राहणं, किंवा फिजिओथेरपिस्टचा खर्च. ‘काळजी घे हो’ला तो फोनवर ‘हो हो’ म्हणतो. तारीख मागितली की काय म्हणतो ते पाहा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आपल्याच राज्यातल्या एका अभ्यासावरून देते. गोव्यातल्या ८१ कुटुंबांमध्ये, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी देखभाल करणाऱ्यांवर तो झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं घरी जात, आजार समजावून सांगत, ऐकून घेत, अडचणीवर सल्ला देत. रुग्णाच्या क्षमतेत त्यानं ठळक फरक पडला नाही. सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य मात्र सुधारलं. आजार वेगळा असला तरी तुमच्याजवळ बसून ऐकणारं कुणी नाही, हे तुमचं पत्र सांगतंच आहे. चिडचिड हा मनाचा कोतेपणा असता तर तो नऊ वर्षांत कधीतरी दिसला असता. चिडचिड दिसतेय ती झोप मोडायला लागल्यापासून. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे, सांभाळणाऱ्यांनीही फोन करायला हरकत नाही.

पुण्याचं तिकीट आजच काढा. सगळी व्यवस्था लागली की जाईन, असं म्हणाल तर नातवंड चालायला लागेल. जाण्याची तारीख पडवीत लिहा, म्हणजे कामाची बाई शोधायलाही लोक हलतील. तुम्ही नसताना काय काय अडतं तेही त्या दिवसांत सगळ्यांना कळेल.

आणि आश्रम? ती वाट बंद करू नका. दोन माणसांशिवाय उठवता येत नाही, घास-पाणी श्वासनलिकेत जातंय, पडून राहून अंगावर जखमा व्हायला लागल्या किंवा रात्री बाई घराबाहेर पडू लागल्या, असं काही झालं तर घरची व्यवस्था पुरत नाही हे मान्य करावं लागतं. या खुणा आत्ताच, बाईंसमोर, लिहून ठेवा. म्हणजे तो निर्णय कुणाच्या वैतागावर ठरणार नाही. प्रोवेदोरिया या सरकारी संस्थेची घरं आहेत, चर्च आणि इतर संस्थांची आहेत, खासगीही निघाली आहेत. बाईंना घेऊन दोन-तीन ठिकाणं बघून या. रात्री किती माणसं कामावर असतात एवढं विचाराल तरी बरंच कळेल. तिथे गेल्यावरही दर रविवारी कुणी जायचं याची पाळी लागली तर ‘एकटं सोडायचं नाही’ हे वचन तुम्ही पाळताय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अशी पत्रं हल्ली वाढली आहेत, सहनिवासातूनही आणि साध्या इमारतींतूनही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचं प्रमाण गोव्यात ११.२ टक्के होतं, केरळच्या खालोखाल. मुलं पुण्याला, आखातात, लंडनला. तेव्हा इतरांनीही वरचं आपल्याला लागू पडेल तेवढं उचलावं.

राहिलं ते सत्तरीचं जोडपं. त्यांनी विचारलं तो प्रश्न तुम्ही सातांनी नऊ वर्षांपूर्वी विचारला नव्हता, म्हणून मला ती माणसं आवडली. गुळगुळीत उत्तर देऊ नका. एक पान लिहा: आम्ही एकमेकांसाठी काय करतो, काय करत नाही, किती दिवसांपर्यंत करतो (साधा ताप किंवा शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा दिवस असेल तर डबा, सोबत, गाडी, त्याहून लांबलं तर पगारी माणूस), खर्च कुणाचा, निर्णय कुणाचा, आणि दरवर्षी चवथीनंतर हे पान पुन्हा वाचायचं. त्यावर आधी तुम्ही सहा बिऱ्हाडांनी सह्या करा, बाईंचीही घ्या, अक्षर कितीही बारीक आलं तरी. मग ते त्या जोडप्याला दाखवा. इसार त्यानंतर.